साईड कोणी द्यायची?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्याची गावं आहेत. मोरगावजवळची ती अर्जुनी मोरगाव आणि नागपूर-रायपूर सडकेवरची ती सडक अर्जुनी. जिल्हा तसा तरुण. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण ज्या सडकेने या गावाला नाव दिलं, ती इंग्रजी अमदानीतली. मध्य प्रांताच्या नकाशावर तिचं नाव होतं ग्रेट ईस्टर्न रोड. नागपूरहून निघून भंडारा, लाखनी, साकोली, सडक अर्जुनी, देवरी करत ती रायपूरला आणि पुढे संबलपूरला जाई. स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रीय महामार्ग 6 झाली आणि 2010 च्या फेरक्रमांकनानंतर 53. आज सडक अर्जुनीजवळच्या कोहमाऱ्याच्या चौकात उभं राहिलं की याच सडकेवरून छत्तीसगडचं लोखंड, सिमेंट आणि तांदूळ पश्चिमेकडे जाताना दिसतात. चौकातूनच गोरेगावमार्गे गोंदियाकडे जाणारा रस्ता फुटतो.

रस्त्यावरचा माणूस का चिडतो, दुसऱ्याच्या अंगावर गाडी का घालतो, याचं उत्तर बहुतेक जण त्याच्या स्वभावात शोधतात. या सडकेचा आणि तिच्या फाट्यांचा इतिहास वेगळं सांगतो. घाई ही इथे पुन्हापुन्हा तयार केली गेली आहे: कधी भाड्याच्या स्पर्धेने, कधी कामाच्या तासांनी, कधी रस्त्याच्या बांधणीने. आणि ती कमी झाली तेव्हाही नुसत्या दटावण्याने झाली नाही.

सडक होण्याआधी छत्तीसगडचं धान्य आणि समुद्राकडचं मीठ वाहून नेत ते बंजाऱ्यांचे तांडे. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांची लांबच लांब रांग, दिवसाकाठी थोडीच वाट आणि पाण्याच्या ठिकाणी मुक्काम. जंगलातल्या पायवाटेवर मागच्याला पुढे काढायला जागाही नव्हती आणि कारणही नव्हतं. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. पुढच्याच वर्षी आलेले चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी रस्ते हा कारभाराचा मोठा विषय केला. पक्की सडक झाली तशी चाकं आली. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलबंड्या रात्री ओळीने निघत. पुढच्या बंडीचा गाडीवान जागा असला की मागचे निर्धास्त झोपत, कारण बैल वाट सोडत नसत. सगळे सारख्याच चालीने चालत असल्यामुळे कोणी कोणाची वाट अडवत नव्हतं.

तरीही बेदरकार हाकणारे तेव्हाही होते, याचा पुरावा कायद्यातच आहे. मोटार जन्माला येण्याआधी, 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 279 आलं. सार्वजनिक रस्त्यावर इतरांच्या जिवाला धोका होईल अशा बेफाम किंवा निष्काळजी रीतीने वाहन हाकणं किंवा स्वारी करणं हा त्यात गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड. तेव्हा समोर होत्या त्या घोडागाड्या, टांगे आणि बैलगाड्या. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवण्याचं कलम, 304 अ, हे मूळ संहितेत नव्हतं. ते 1870 मध्ये घातलं गेलं. 1860 साली हजार रुपये ही घरदार विकायला लावणारी रक्कम होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम 281 म्हणून आला आहे आणि दंडाची कमाल रक्कम तीच, 1000 रुपये. दीडशेहून अधिक वर्षांत रुपयाची किंमत कुठून कुठे गेली, हे नव्याने संहिता लिहिणाऱ्यांनी पाहायला हवं होतं.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत वेगाची हौस कमी होती असं कोणी समजू नये. धान घरात आलं की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरत. अजूनही भरतात. हलक्या गाडीला जुंपलेली जोडी, जीव मुठीत धरून तिच्यावर उभा राहिलेला हाकणारा, दोन्ही बाजूंना गावोगावचे लोक आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचं नाटक. ज्याला आपली जोडी दुसऱ्यापेक्षा पुढे काढायची आहे, त्याच्यासाठी आखलेली जागा, ठरलेला दिवस आणि पाहायला माणसं होती. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलगाडी शर्यती बंद केल्या, तेव्हा विदर्भातले पटही थांबले. डिसेंबर 2021 मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्रात अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. बैलांच्या हालांबद्दलचा आक्षेप गंभीर होता आणि अटी पाळल्या जातात का हे बघितलंच पाहिजे. पण रस्त्याच्या इतिहासाच्या दृष्टीने पटाची एक गोष्ट मोलाची वाटते: चढाओढ वाटेवरून उचलून मैदानात नेलेली होती.

मोटार आली आणि हे गणित मोडलं.

त्याआधी रेल्वे आली होती. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेज धावू लागली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली, आणि 1905 पर्यंत गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी गाडीही सुरू झाली. गोंदिया जंक्शन झालं. धान, बिडी आणि लाख यांचा बाजार तिथे जमला. लांबचा माल रेल्वेने जाऊ लागला. मोटारींच्या वाट्याला आला तो स्टेशन आणि गावं यांच्यामधला पल्ला, आणि तिथेच खरी ओढाताण सुरू झाली.

पहिल्या महायुद्धानंतर देशभर खासगी मोटारी झपाट्याने वाढल्या. एकेका मालकाकडे एकेक-दोन गाड्या, परवान्यांवर फारशी मर्यादा नाही, भाडं कोणी ठरवलेलं नाही. थांब्यावर जो आधी पोहोचेल त्याला उतारू मिळणार, म्हणून पुढच्या गाडीला मागे टाकणं ही हौस उरली नाही. संध्याकाळची कमाई त्यावर ठरू लागली. 1914 च्या मोटार वाहन कायद्याने चालकाला परवाना आणि वयाची 18 वर्षांची अट आणली होती, धोकादायक वेगाला शिक्षाही ठेवली होती. पण ज्याचं पोट आधी पोहोचण्यावर आहे त्याला हळू जा म्हणून सांगणं किती पुरणार? मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीने रस्त्यांसाठी केंद्राने पैसा द्यावा असं सांगितलं आणि त्यातून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. रेल्वे आणि मोटार यांच्या स्पर्धेची पाहणी मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी केली. त्यांचा अहवाल 1933 चा.

या सगळ्याचं फळ म्हणजे 1939 चा मोटार वाहन कायदा. या कायद्याकडे आज फारसं कोणी वळून पाहत नाही, पण रस्त्यावरच्या आक्रमकतेला मुळाशी जाऊन हात घालण्याचा भारतातला तो पहिला नेटाचा प्रयत्न होता. त्याने मार्गावर किती गाड्या धावतील हे परवान्याने ठरवलं, म्हणजे उतारूंसाठीची पळापळ आवळली. चालकाच्या कामाला सलग 5 तास, दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 54 तासांची मर्यादा घातली. दहाव्या परिशिष्टात रस्त्याचे नियम दिले. डावीकडून चाला हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला. कमी ठाऊक असलेला नियम असा, की मागची गाडी पुढे जात असेल तर आपला वेग वाढवायचा नाही आणि तिला अडवायचं नाही. आजही दोन ट्रक शेजारी-शेजारी येऊन दोघेही अॅक्सिलरेटर दाबतात आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला शेतात उतरावं लागतं, तेव्हा मोडलेला असतो तो हाच नियम.

त्याच 1939 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केलं. ठरवलेल्या गोष्टीत अडथळा आला की माणसात आक्रमकता उसळते, असा त्यांचा सिद्धान्त. पुढच्या संशोधकांनी त्याला बऱ्याच मर्यादा घातल्या. अडलेला प्रत्येक माणूस भांडत नाही. पण कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकच्या रांगेमागे अडकलेल्या माणसाची अवस्था समजायला तो अजून उपयोगी पडतो. 1968 मध्ये अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस यांनी कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला. सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम उभी ठेवायची आणि मागचे हॉर्न कधी वाजवतात ते पाहायचं. पुढची गाडी झोकदार, महागडी असेल तेव्हा बारा सेकंदांत निम्म्या लोकांनी हॉर्न वाजवला; गाडी जुनी, साधी असेल तेव्हा 84 टक्क्यांनी. राग अडथळ्यावर येतो, पण तो काढायचा कोणावर हे समोरच्याची पायरी बघून ठरतं. आपल्याकडे सायकलवर धानाचं पोतं ढकलत नेणारा म्हातारा, डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई, बंडीवाला यांच्या वाट्याला जे हॉर्न आणि ज्या शिव्या येतात, त्यांचा हिशेबही याच पद्धतीने लागतो. मंत्र्यांच्या गाड्यांच्या ताफ्यामागे सगळे निमूट चालतात.

डिसेंबर 1943 मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि रस्त्यांचे वर्ग पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. नागपूर योजना म्हणून ती आजही अभियांत्रिकीच्या पोरांना शिकवली जाते. नकाशावर वर्ग वेगळे झाले. प्रत्यक्षात देवरी-साकोलीच्या पट्ट्यात एकाच डांबरावरून बैलबंडी, सायकल, एसटी आणि ट्रक जात राहिले. 1961 मध्ये नागपूरची प्रांतिक परिवहन सेवा, मराठवाड्याची सेवा आणि मुंबई राज्याचं महामंडळ मिळून आजचं एसटी महामंडळ झालं. त्याचा रस्त्यावरच्या वागण्याशी थेट संबंध आहे. एसटीच्या चालकाला महिन्याचा पगार मिळतो; गाडीत किती माणसं चढली यावर त्याच्या घरची चूल अवलंबून नसते. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकाचा महामंडळ सपत्नीक सत्कार करतं. सावकाश चालवणाऱ्याला मान देणारी दुसरी कोणती व्यवस्था या रस्त्यांवर आहे, असा प्रश्न पडावा इतकी ती दुर्मीळ आहे.

1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली आणि या सडकेवर लोखंडाचे ट्रक वाढत गेले. ट्रकवाल्यांनी स्वतःची एक बोली तयार केली. रात्री डिप्पर मारला की समोरच्याने दिवे खाली करायचे. मागच्याने हॉर्न दिला की पुढच्या गाडीचा क्लीनर डाव्या खिडकीतून मागे बघे, समोर रस्ता मोकळा असेल तर चालक उजवा हात बाहेर काढून 'ये' अशी खूण करी. नसेल तर तळहात खाली दाबून थांबवी. अनोळखी दोन माणसांनी एकमेकांच्या जिवाची जबाबदारी एका हाताच्या खुणेवर घ्यायची, अशी ती रीत. ट्रकच्या मागे रंगवलेलं 'हॉर्न ओके प्लीज' त्याच व्यवहारातलं. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी 30 एप्रिल 2015 रोजी ते लिहायला बंदी केली, कारण त्यातून विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. गोंगाटाचा मुद्दा खरा होता. तोवर क्लीनर मात्र बहुतेक ट्रकांवरून नाहीसा होत चालला होता. भाडं परवडत नाही म्हणून मालकांनी दुसरा माणूस कमी केला. साईड मागणारा हॉर्न राहिला, साईड देणारा हात गेला. अनोळखी गाडीवाल्याशी बोलायचं साधन नसलं की त्याच्या हालचालीतून माणूस वाईटच अर्थ काढतो.

तालुक्याच्या रस्त्यांवर 1939 च्या आधीची पळापळ काळी-पिवळीच्या रूपाने परत आली. गोंदिया, आमगाव, सालेकसा, गोरेगाव या वाटांवर जीपगाड्यांनी एसटी पोहोचत नव्हती तिथल्या लोकांची मोठी सोय केली, हे आधी मान्य करायला हवं. आठवडी बाजाराला जाणाऱ्या बाईला दुपारी दोन तास कोण थांबवणार? पण तिथे कमाई खेपेवर. गाडी भरेपर्यंत हलायचं नाही आणि भरली की थांबलेला सगळा वेळ रस्त्यावर वसूल करायचा. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 एसटीचा संप चालला, तेव्हा तर गावांना दुसरा आधारच उरला नाही. अशा गाडीच्या चालकाला 'बाजूले घे ना भाऊ' म्हणणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो कट मारून निघून जातो. त्याला त्या क्षणी माणूस दिसत नाही, पुढच्या फाट्यावरचे उतारू दिसत असतात.

कोहमारा-गोंदिया रस्त्यावर, गेल्या काही वर्षांत, या साऱ्याची किंमत दोनदा फार स्पष्ट दिसली. हा रस्ता नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमधल्या पट्ट्यातून जातो. डिसेंबर 2013 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. तीनच महिन्यांनी, 10 ऑगस्टच्या रात्री, मुर्दोलीच्या जंगलात रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण वाघाला भरधाव कारने उडवलं. फरफटत झुडपात जाणाऱ्या त्या वाघाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उपचारासाठी नागपूरला नेताना तो वाटेतच मेला. जंगलातला सरळ, मोकळा, गुळगुळीत रस्ता चालकाला वेगाचं आमंत्रण देतो. तिथे पाटी लावून भागत नाही, रस्त्यालाच आवरावं लागतं. महामार्ग 53 रुंद करताना याच जंगलपट्ट्यात गाड्या वरून आणि प्राणी खालून जातील असे उंच पूल बांधायला लागले, ते वन्यजीवप्रेमींनी न्यायालयापर्यंत नेटाने पाठपुरावा केल्यामुळे.

दुसरी घटना 29 नोव्हेंबर 2024 ची. भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी एसटीची शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावन टोल्याजवळच्या वळणावर उलटली. समोर आलेल्या मोटरसायकलला वाचवायला चालकाने गाडी वळवली आणि ती आवरली नाही. 11 जण गेले, तीसच्या आसपास जखमी झाले. एका दुचाकीस्वाराला वाचवायला गेलेला हात भरल्या बसला घेऊन उलटतो, तेव्हा वळणावर येतानाचा वेग, वळणाची बांधणी आणि अरुंद रस्त्यावर एकमेकांसमोर आलेली दोन असमान वाहनं, सगळ्यांचा विचार करावा लागतो. एका माणसाला दोषी धरून फाईल मिटवणं सोपं आहे. पुढच्या गाडीसाठी वळण तसंच राहतं.

देशाचा आकडा फार मोठा आहे. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यांतल्या 71 टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून लिहिलं होतं अतिवेग. पोलिसांच्या रकान्यात वेग लिहिता येतो. चालक किती तास जागा होता, त्याला खेपेमागे पैसे मिळत होते का, मालकाने किती वाजता पोहोचायला सांगितलं होतं, याला रकाना नाही.

नव्या न्याय संहितेने शिक्षा वाढवायचा मार्ग धरला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि अपघात करून पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी 2024 च्या पहिल्याच दिवशी ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. विदर्भातही पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. चालकांचं म्हणणं असं, की अपघातानंतर थांबलं तर जमाव मारून टाकतो. सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं आणि संहिता लागू झाली तेव्हा दहा वर्षांचं ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पळून जाणं क्षम्य नाही. रस्त्यावर रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या माणसाला पहिल्या तासात मदत मिळाली तर तो वाचू शकतो. पण चालकाची भीतीही बनावट नव्हती. गावातल्या जमावाने चालकाला चोपायचं आणि त्या भीतीने चालकाने जखमीला टाकून पळायचं, या दुष्टचक्रात बळी जातो तो जखमी.

मग रोज या रस्त्याने जाणाऱ्या साध्या माणसाने अंगावर येणाऱ्या गाडीचं करायचं काय? जुने ट्रकचालक आणि एसटीवाले जे करत आले तेच: त्याला जाऊ द्यायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हाताने किंवा लाईटने उत्तर द्यायचं नाही, मागून चिकटला तर मोकळी जागा पाहून डावीकडे घ्यायचं आणि गाडीचा नंबर मनात ठेवून 112 ला कळवायचं. धोकादायक रीतीने गाडी चालवण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद आहे, आणि गाडी चालवताना हातातला मोबाईल वापरणंही 2019 पासून त्यातच मोडतं. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपयांचा दंड आहे.

पण हे प्रवाशाने स्वतःपुरतं करायचं. व्यवस्थेने करायचं ते उरतंच. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचा दिवस 8 तासांचा आणि आठवडा 48 तासांचा केला, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनाच लागू होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तेच तास प्रत्येक वाहतूक वाहनाच्या चालकाला दिले. छत्तीसगडच्या सीमेवर, देवरीच्या पुढे, सिरपूरचा तपासणी नाका आहे. ट्रकचं वजन करायला आणि कागद पाहायला तो बांधला गेला. स्टीअरिंगमागचा माणूस किती तासांपासून बसला आहे, शेवटचा कधी झोपला, हे तिथेच विचारलं गेलं पाहिजे आणि तास भरलेले असतील तर त्याला झोपायला खाट, पाणी आणि गाडी लावायला राखलेली जागा तिथेच मिळाली पाहिजे. नागपूर ते गोंदिया नवा द्रुतगती मार्ग आखला जात आहे. त्याच्या आराखड्यात अशा जागा किती अंतरावर असतील, हे जमिनीची मोजणी संपायच्या आत जिल्ह्यातल्या लोकांनी विचारायला हवं.